तासलेलं पिंप

आमच्या घरात चूक कबूल करायची पद्धत नाही. दूध उतू गेलं तर गॅस मोठा होता, दार लागलं नाही तर चौकट फुगली आहे, आणि यायला उशीर झाला तर घड्याळ पुढं गेलंय. यात मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही त्याच घरातली. पण आमचे हे आणि आमची लेक, या दोघांपुढं माझी काही मात्रा चालत नाही. खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही.

हे पिंपं बांधतात. लाकडाची, पोट सुटलेली पिंपं, ज्यात दारू मुरवत ठेवतात. फळ्या तासायच्या, आगीवर वाकवायच्या, बाहेरून लोखंडी कडी ठोकून आवळायच्या. खिळा नाही, सरस नाही, आणि थेंब गळता कामा नये. ह्यांचं पिंप गळलं असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि भेटला असता तरी मी त्याचं ऐकून घेतलं नसतं. गल्लीत लोक ह्यांना 'पिंपवाले' म्हणतात आणि मला 'पिंपवाल्या बाई'. माझ्या आकाराकडं बघून म्हणतात की ह्यांच्या धंद्याकडं, ते मी विचारायला गेले नाही.

ह्यांचा एक नियम होता. पिंप उघडलं की आतून तासायचं. झाकण काढून आत डोकावलं आणि काळं दिसलं, की वाकडा रंधा घ्यायचा आणि कोरं लाकूड दिसेपर्यंत तासत सुटायचं, मग आत छोटी शेगडी ठेवून हलकी आग द्यायची. "घाणेरडं पिंप माझ्या दारातून बाहेर जाणार नाही," असं म्हणायचे. ह्यांच्या उस्तादांचा तसा नियम होता, म्हणून ह्यांचाही. नियम कुणासाठी, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

पण पिंपं येईनाशी झाली. मोठ्या कंपन्यांना कारखान्यात यंत्रावर बांधलेली मिळायला लागली, लहान कंपन्या स्टीलच्या टाक्यांकडं वळल्या. मग एक दिवस एका हॉटेलवाल्यानं जुनी पिंपं आणून टाकली आणि म्हणाला, "ही मधोमध कापून द्या. फुलझाडं लावायचीत." पहिलं पिंप करवतीनं दोन तुकडे झालं त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, पोट ठीक नाही. त्यानंतर ह्यांचं पोट आठवड्यातून दोनतीनदा तरी बिघडायला लागलं. काम तेवढंच उरलं होतं.

लेकीनं कारखाना सांभाळावा अशी ह्यांची इच्छा होती. तिचा हातही तसा होता. शाळेत असताना कडं ठोकायची ती अशी, की कुठं सैल आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायची. पण ती म्हणाली, "पिंप कसं बांधतात ते कळलं, बाबा. आता त्यात काय भरतात ते शिकायचंय." आणि गेली बिअर करायला शिकायला. ह्यांनी अडवलं नाही. कौतुकही केलं नाही. शिकून आली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या ब्रुअरीत लागली, तिथं मुख्य झाली. दर वेळी नवीन बिअर झाली की बाटली घेऊन यायची आणि ह्यांच्यासमोर ठेवायची. हे पेला रिकामा करायचे आणि म्हणायचे, "बरी आहे. तहान भागते."

तहान तर नळाच्या पाण्यानंही भागते. मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळायचे.

मग तिनं तो बेत काढला. जेवताना सांगितला. डिस्टिलरीत रम मुरवलेली पिंपं असतात, काही वर्षांनी ते ती काढून टाकतात. लाकूड तोवर रम पिऊन बसलेलं असतं. त्यात काळी, दाट बिअर भरून काही महिने झोपवायची. लाकूड प्यायलेलं हळूहळू परत देतं.

"म्हणजे उष्ट्या पिंपात," हे म्हणाले.

"उष्ट्याच. उष्टंच पाहिजे, बाबा. त्यालाच तर चव."

"उष्टं मुद्दाम मागून घेणारी तू पहिलीच."

मी हसले. दोघंही हसले नाहीत, म्हणून मी आणखी हसले.

ब्रुअरीच्या मालकीणबाई थोडं बोलणाऱ्या आणि जागा मोजणाऱ्या. मागच्या बाजूला एक थंड खोली होती, जाड भिंतींची, एकच खिडकी. तिथं त्यांना डबे भरायचं यंत्र बसवायचं होतं. लेकीनं हट्टानं ती खोली मागून घेतली. बाई म्हणाल्या, "चार पिंपं ठेव. तयार झाली की चाखू. चांगली निघाली तर खोली पिंपांची. नाहीतर यंत्र येईल, आणि मग पिंपांचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही." आणि लेकीनं घरी येऊन सांगितलं की खोली पिंपांची झाली तर दर वर्षी नवी पिंपं येतील, ती जुळवायला, आवळायला माणूस लागेल, आणि तो माणूस गावात एकच आहे. हे भाजी चिवडत राहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून धार लावायच्या दगडाचा आवाज यायला लागला. फुलझाडांच्या कुंड्या कापायला कुणी इतकी धार लावत नाही.

चार पिंपं आली. तीन जरा सुकलेली, सांध्यांतून उजेड दिसणारी. चौथ्याच्या दोन फळ्या तडकल्या होत्या, ते रडकुंडीला आलेलं. लेक कारखान्यात उभी राहिली आणि बोट रोखून म्हणाली, "बाबा, एकच सांगते. आत हात लावायचा नाही. धुवायचंसुद्धा नाही. जो काय मळ दिसेल तो तसाच ठेवायचा."

"पिंपाला हात कसा लावायचा हे तू मला सांगणार?"

"कसा लावायचा ते नाही. लावायचा नाही, हे सांगतेय."

ती गेल्यावर हे मला म्हणाले, "बघितलंस? नाकावर माशी बसू देत नाही." मी म्हटलं, "कुणाचं नाक आहे ते?"

तीन पिंपं ह्यांनी बाहेरूनच ठीक केली. सांध्यांत लव्हाळ्याची सुकी पाती ठोकली, कडी खाली सरकवून आवळली, बुचाच्या भोकातून गरम पाण्याची वाफ देऊन फळ्या फुगवल्या. चौथं मात्र उघडावंच लागणार होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात भाजल्या लाकडाचा वास आला. मला वाटलं, नव्या फळ्या वाकवतायत. चांगला वास होता. मी खिडकी उघडी ठेवली.

पिंपं भरली, खोलीत आडवी झाली, बुचं लागली. त्यानंतर खिळ्याचं प्रकरण झालं. आतली बिअर चाखायची तर दर वेळी बूच उघडलं की हवा आत जाते आणि माल आंबतो. म्हणून लेकीच्या धंद्यात पिंपाच्या झाकणाला बारीक भोक पाडतात आणि त्यात स्टीलचा खिळा मारून ठेवतात. खिळा उपटला की बारीक धार पेल्यात येते, पेला भरला की खिळा परत आत. हे तिनं ह्यांना करून द्यायला सांगितलं. ज्या माणसानं जन्मात पिंपाला खिळा लावला नाही, त्याला धडधाकट झाकणाला भोक पाडायला सांगितलं.

"न गळणारं पिंप मी बांधायचं आणि मग मीच गळवायचं?"

"बारीकसं, बाबा."

"भोक ते भोक."

पण केलं. चारही झाकणांना, आणि इतकी नेमकी, की खिळा बोटानं बसावा आणि थेंब दिसू नये. लेकीनं बोट फिरवून बघितलं. काही बोलली नाही. तीही 'बरी आहे'वालीच.

काही महिने गेले. पहिल्यांदा चाखायला तिनं आम्हा दोघांना बोलावलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या पिंपाचा खिळा उपटला, पेल्यात काळी धार उतरली. वास घेतला आणि माझ्या नाकात मनुका, जळालेली साखर आणि रम, सगळं एकदम आलं. दुसरं तसंच, थोडं तिखट. तिसरं आणखी गोड. लेकीच्या चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं होतं जे ती लहानपणी कड्याचा आवाज बरोबर ओळखला की हसायची. मग तिनं चौथ्याचा खिळा उपटला.

तिनं पेला नाकाशी नेला आणि तिथंच थांबली. मग एक घोट घेतला. मग पेला खाली ठेवला.

"बाबा, आतून तासलंत?"

"उघडावं लागलं. फळ्या तडकल्या होत्या."

"तासलंत का, एवढंच विचारतेय."

"तासलं. आत कोळसा साचला होता. हाताला काळं लागत होतं."

"तो कोळसा नव्हता, बाबा! तीच रम होती. वर्षानुवर्षांची रम त्या काळ्यात होती. मी सांगितलं होतं तुम्हाला. बोट रोखून सांगितलं होतं!"

"मी पिंपं बांधतो. घाण भरून पाठवत नाही."

"मग फुलझाडांच्या कुंड्याच कापा."

असं बोलल्यावर तिला स्वतःलाच लागलं, ते मी बघितलं. पण आमच्या घरात बोललेलं कुणी परत घेत नाही. हे निघाले. जाताना त्या चौथ्या पिंपावरून, कड्यावरून, हात फिरवला आणि गेले. मी त्या पेल्यातलं राहिलेलं चाखलं. नवं कपाट उघडल्यावर येतो तसा वास, आणि जिभेवर कडसर, कोरडं. वाईट नव्हतं. पण रमचा मागमूस नव्हता. लेकीला मी एवढंच म्हटलं, "त्यांनी मुद्दाम नाही केलं." ती म्हणाली, "मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. निदान विचार करून केलं असं तरी म्हणता आलं असतं."

ती बिअर तिनं ओतली नाही. "माझ्या हातानं गटारात घालणार नाही. पडू दे." त्या पिंपाचं तोंड भिंतीकडं फिरवलं. घरात नकोशा माणसाची खुर्ची कोपऱ्यात सरकवतात, तसं.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. म्हणजे बोलायचे, पण माझ्यातून. रविवारी ती जेवायला यायची, दोघं समोरासमोर बसायचे, आणि ही म्हणायची, "आई, त्यांना मीठ दे." हे म्हणायचे, "तिला सांग, मला मीठ पुरेसं आहे." मिठाची बरणी माझ्या हातात, आणि दोघांच्या तोंडात मिठाची गुळणी. एकदा मी वैतागून बरणी मधोमध आपटली आणि म्हटलं, "मी माणूस आहे, टपाल नाही." तर दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात विचारलं, "काय झालं हिला?" सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

हे परत करवत घेऊन कुंड्या कापायला बसले. पोट बिघडणं परत सुरू झालं.

चाखण्याचा दिवस ठरला. मालकीणबाईंनी डिस्टिलरीच्या एका माणसालाही बोलावलं होतं, ज्यांनी ती पिंपं दिली. दारूचा वास घेऊन निवाडा देणं हेच त्यांचं काम. लेक त्यांना 'नाकवाले' म्हणायची. यंत्र विकणाराही त्याच आठवड्यात खोलीचं माप घेऊन गेला. म्हणजे बाईंनी दोन्ही दारं उघडी ठेवली होती.

त्याआधी एका दुपारी लेकीनं मला ब्रुअरीत बोलावलं. "आई, तुझं नाक हवंय. आणि खोटं बोलू नकोस."

"मी कधी खोटं बोलले?"

"दूध उतू जातं तेव्हा."

तीन पिंपांतलं तिनं एका भांड्यात एकत्र केलं होतं. मी पहिला घोट घेतला. अहाहा. दुसरा घेतला. तिसऱ्या घोटाला पेला खाली ठेवला गेला. मी नाही ठेवला, हातानंच ठेवला.

"काय?" ती म्हणाली.

"छान आहे."

"आई."

"छान आहे गं. पण पाहुण्यासारखं आहे. आल्या आल्या फार आनंद होतो. मग कधी जाणार असं वाटायला लागतं."

ती भडकली. महिनोन्महिने राबली होती, रात्री झोपेत पिंपं मोजत होती, आणि आई म्हणते पाहुणा. तिनं मला बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं, कारण ती बोलता बोलता पुन्हा पुन्हा तो पेला उचलून वास घेत होती. तिलाही ते ठाऊक होतं. नुसती रम, नुसती साखर, नुसता मऊपणा. उभं राहायला पायच नव्हते त्याला. तिनं पेला ठेवला. खिडकीपाशी गेली. परत आली. मग भिंतीपाशी गेली, त्या चौथ्या पिंपाला खांद्यानं रेटून फिरवलं, आणि खिळा उपटला.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं, आणि ते बघायला मिळालं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजते. टेबलावर काचेच्या उभ्या मापनळ्या मांडल्या तिनं. तिन्हींचं मिश्रण घ्यायची, त्यात चौथ्यातलं थोडं ओतायची, हलवायची, वास, घोट, थुंकणं, पुढचं. पहिलं खूप लाकडी झालं. तिनं तोंड वाकडं केलं आणि ओतून दिलं. दुसऱ्यात चौथं इतकं कमी, की असून नसल्यासारखं. मग तिसऱ्या पिंपाचं गोड कमी केलं, दुसऱ्याचं तिखट वाढवलं, परत चौथं. कपाळावर केस आलेले, बाजूला सारायचं भान नाही. तिची मान वाकलेली, ओठ दाताखाली, डोळे एकाच जागी. हे फळी तासताना असेच दिसतात, अगदी असेच, आणि हे मी तिला सांगितलं असतं तर तिनं मला खोलीबाहेर काढलं असतं. माझ्या पोटी ही जन्मली, हा विचार माझ्या मनात आला आणि मी पदरानं उगाच टेबलाची कड पुसली. बिअर करणारीची आई असले तरी मीही आईच.

शेवटी तिनं पाठ माझ्याकडं ठेवूनच एक पेला मागं केला. मी प्यायले. तीच रम, त्याच मनुका. पण आता त्यांच्या मागं काहीतरी ताठ उभं होतं. गोड जिभेवर यायचं आणि कडसर लाकूड त्याला वेळेवर दाराबाहेर न्यायचं. पेला संपला. मी रिकामा पेला तिच्यापुढं धरला.

ती पेल्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणखी मागितलंस."

"ह्यांचं पिंप?"

तिनं मान हलवली.

"मग आज घरी चल. सांग त्यांना."

"नाही. चूक ती चूकच. पिंप चांगलं निघालं म्हणून न ऐकलेलं ऐकलं होत नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

म्हणजे गुपित पोटात ठेवायचं काम माझ्याकडं. माझ्यासारख्या बाईकडं! मी ते ठेवलं, याचं श्रेय मला कुणी अजून दिलेलं नाही.

चाखण्याच्या दिवशी हे यायला तयार नव्हते. "माझं तिथं काय काम? मला कुणी बोलावलं नाही." मी समजावलं नाही, समजावून हे कधी हललेले नाहीत. फक्त पदर खोचता खोचता म्हटलं, "बरोबर आहे. आणि सगळ्यांसमोर एखादं पिंप गळलं तर ब्रुअरीतलाच कुणीतरी फडकं लावेल." हे उठले, हातोडा पिशवीत टाकला आणि माझ्याआधी दारात उभे.

खोलीत मालकीणबाई होत्या, ब्रुअरीतली चारदोन माणसं होती, आणि नाकवाले. मी मोठ्या नाकाचा माणूस धरून चालले होते. हे गृहस्थ बारीक, बुटके, नाकही बेताचंच, पण पेला नाकाशी नेला की त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायची कुणाची छाती होत नसे. आमचे हे दाराशी पिशवी धरून उभे राहिले. लेकीनं एकदा बघितलं आणि नजर वळवली. ओतताना तिच्या हातून एक थेंब सांडला नाही.

नाकवाल्यांनी वास घेतला. घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं. परत घोट घेतला. मी श्वास धरून होते, आणि मी श्वास धरला की माझ्याकडं बघून इतरही धरतात. शेवटी ते म्हणाले, "रम माझी आहे. ती मी झोपेतही ओळखेन. पण इतकी गोड रम अशी ताठ उभी राहत नाही. हिला उभं कुणी केलं?"

लेक म्हणू शकली असती, मी केलं. खरंही होतं ते. तिनं एकदा जमिनीकडं बघितलं आणि मग चौथ्या पिंपावर हात ठेवला. "यातलं थोडं आहे. हे पिंप माझ्या वडिलांनी परत बांधलंय. आतून तासून, आग देऊन."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही, आणि ह्यांच्या चुकीचा उल्लेखसुद्धा नाही. सगळी डोकी दाराकडं वळली. मालकीणबाई ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "तीन तशीच ठेवून एकच तासलंत? म्हणजे तुम्ही आधीच ठरवलं होतं तर. कमाल आहे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. आमचं घर मला माहीत आहे. आयतं ताट समोर आलं होतं, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो'ही नको, नुसती मान हलवली तरी झालं असतं. चौकट फुगली, घड्याळ पुढं गेलं, आणि पिंप मी ठरवूनच तासलं.

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. आतला हातोडा वाजला.

"नाही," हे म्हणाले. "ठरवलं-बिरवलं काही नव्हतं. माझी चूक झाली."

लग्न झाल्यापासून मी हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"हिनं सांगितलं होतं, आत हात लावू नका. बोट रोखून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं. एक पिंपभर बिअर घालवली मी हिची. ती हिनं परत आणली. कशी आणली ते मला कळत नाही, मी फक्त लाकडाचा माणूस आहे. हिला विचारा. हे हिचं आहे."

"बाबा, पुरे," लेक म्हणाली.

"पुरे कसं? त्यांनी विचारलंय."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि लेक हसता हसता बाहीनं डोळे पुसायला लागली. तिनं एक पेला भरून ह्यांच्या हातात दिला. मधे मी नव्हते, टपाल नव्हतं, हातातून हातात. ह्यांनी वास घेतला. प्यायले. सावकाश प्यायले, खालपर्यंत. पेल्याच्या बुडाशी काही राहिलं का ते बघितलं. मी मनात म्हणत होते, देवा, आज तरी तहान भागते म्हणायला लावू नकोस.

"चांगली आहे," हे म्हणाले. आणि थोडं थांबून, "फार चांगली आहे गं."

माझी मान त्या दिवशी जी ताठ झाली, ती अजून दुखते. एकीनं श्रेय देऊ केलं आणि एकानं ते सगळ्यांदेखत परत केलं, आणि ही दोन्ही माणसं माझी. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे सांगते. ज्यांनी ऐकलंय त्यांनाही सांगते.

मालकीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली, आणि या वेळी मोजली ती पिंपांसाठी. "आणखी किती मावतील?" त्यांनी लेकीला विचारलं. डबे भरायचं यंत्र मागच्या पडवीत गेलं. तिथं ते खडखडत असतं, आणि मला तो आवाज गोड वाटतो.

नवी पिंपं परवा आली. कारखान्यात करवत भिंतीला टांगलेली आहे, तिच्यावर धूळ बसायला लागली आहे, आणि मी ती मुद्दाम पुसत नाही. दुपारी मी चहा घेऊन गेले तर ह्यांनी एका पिंपाचं झाकण काढलं होतं. आत वाकून बघत होते. रंधा हातात होता, धार लावलेला. मी दारातच थांबले. हे बराच वेळ आत बघत राहिले. मग सरळ झाले, खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"मी बोलतोय. एक उघडावं लागलंय, तळाची फळी गेली होती. आत काळं आहे. चांगलंच काळं." हे थांबले. घसा खाकरला. "काय करू?"

तिकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "बरं. ये मग." आणि रंधा खाली ठेवून, उघड्या पिंपापाशी स्टूल ओढून, हे लेकीची वाट बघत बसले.